परीटघडी : एका शब्दाचा इतिहास



गेल्या वर्षी आपल्या मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला, त्या प्रसंगी एका विद्यार्थ्याने आम्हांस बाजूस घेऊन एक प्रश्न विचारला. त्याच्या महाविद्यालयात मराठीच्या तासाला एका धड्यात 'परीटघडी' हा शब्द आला. अध्यापकांनी 'नीटनेटके, डागविरहित, शहरी वळणाचे' असा अर्थ सांगितला. तेवढ्यात मागच्या बाकावरील कोणी तरी याच्याकडे बोट दाखविले आणि वर्ग हसला. "काका, या शब्दाचा अभिमान धरायचा की राग ?" एवढेच त्यास आमच्याकडून जाणून घ्यावयाचे होते. समारंभाच्या गर्दीत आम्ही त्यास काही तरी वरवरचे उत्तर देऊन वाटेस लावले. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. त्या विद्यार्थ्याचे देणे फेडावे, आणि त्या निमित्ताने अमरावती-अकोल्याकडील आपल्या समाजाच्या धंद्याचा व बोलीचा थोडा इतिहास समाजापुढे मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

शब्दाची घडण

'परीटघडी' हा सामासिक शब्द आहे : परिटाने घातलेली घडी ती परीटघडी. धुवून, खळ देऊन, इस्त्री करून परिटाने घरी आणून दिलेले वस्त्र ज्या घडीत असते ती घडी, असा त्याचा मूळ अर्थ. ती घडी एकदा मोडली, म्हणजे वस्त्र अंगावर चढले, की पुढे घरच्या माणसाने ते कितीही नीट दुमडून ठेविले तरी त्यास परीटघडी म्हणत नाहीत. हा बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परीटघडी ही कारागिराच्या हातची असते व एकदाच असते.

'घडी' या शब्दाचेही दोन अर्थ मराठीत नांदतात. एक घडी म्हणजे घटिका, अहोरात्राचा साठावा भाग, चोवीस मिनिटे. दुसरी घडी म्हणजे दुमड. या दुसऱ्या घडीवरून मराठीने मोठा संसार उभा केला आहे. 'संसाराची घडी बसली', 'राज्याची घडी विस्कटली' असे आपण सहज बोलतो. जे पसरलेले, चुरगळलेले, अस्ताव्यस्त आहे त्यास वळण लावणे म्हणजे घडी बसविणे. ही उपमा वस्त्रावरून आलेली आहे, आणि वस्त्राची घडी बसविणारा माणूस गावात कोण होता हे सांगावयास नकोच.

'परीट' हा शब्द फार जुना आहे. प्राकृतात 'परिअट्ट' असा शब्द धोब्यास आहे व त्यावरून आपला परीट आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. संस्कृतात 'रजक' हा शब्द रूढ आहे. तो 'रञ्ज्' म्हणजे रंगविणे या धातूपासून झाला असल्यामुळे रजक हा मुळात रंगारी होय. धुणाऱ्यास संस्कृतात 'नेजक' व 'निर्णेजक' असे निराळे शब्द आहेत. पुढे रंगविणे व धुणे ही दोन्ही कामे एकाच हाताखाली आली आणि रजक या एका शब्दात दोघेही सामावले. भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या वाटेवर श्रीकृष्णास कंसाचा जो रजक भेटतो, त्यास तेथे 'रंगकार'ही म्हटले आहे.

आपल्या वऱ्हाडात आणि नागपूरकडे तिसराच एक शब्द होता : 'वरठी'. रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींविषयी १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धोबी, वरठी, बरेठा, रजक, परीट ही नावे एकाच प्रकरणाच्या मथळ्यात दिलेली आहेत. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे 'वरठ्याचं घर', 'वरठीनबाई' असेच म्हणत. आज अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत हा शब्द कानी पडत नाही. आपल्याच तरुणांपैकी कित्येकांस तो ठाऊक नाही. शब्द असा मुकाट्याने जातो, आणि गेल्यावर त्याची जागा रिकामी आहे हेही कोणास कळत नाही.

एक गमतीची गोष्ट येथेच नमूद करतो. हिवाळ्याच्या तोंडी नदीकाठी शेपटी सारखी खालीवर हालविणारा जो लहानसा पक्षी उतरतो, त्यासही मराठीत 'परीट' किंवा 'धोबी' असेच म्हणतात. पाण्याच्या काठावर वाकून दिवसभर हालचाल करणारा दुसरा प्राणी लोकांच्या पाहण्यात नव्हता, म्हणून त्या पाखरास आपले नाव मिळाले.

प्राचीन ग्रंथांतील साक्ष

आपला धंदा किती पुरातन आहे याची साक्ष पाहू. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाच्या प्रकरणी नाना धंद्यांची एक लांबलचक यादी आहे. तीत 'वासःपल्पूली' म्हणजे वस्त्रे धुणारी आणि 'रजयित्री' म्हणजे वस्त्रे रंगविणारी, अशा दोन स्त्रिया लागोपाठ येतात. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत याकडे आमच्या भगिनींचे लक्ष वेधावेसे वाटते. भट्टी लावणे, खळ देणे, घरोघर जाऊन कपडे गोळा करणे व परत पोचविणे यांतील निम्म्याहून अधिक काम आपल्या घरी स्त्रियांनीच केले आहे. तरी कौतुकाच्या वेळी परीट तेवढा पुढे येतो व परटीण मागे राहते.

यानंतरची साक्ष कौटिलीय अर्थशास्त्राची. त्याच्या चौथ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायात रजकासंबंधी इतके बारीक नियम आहेत की वाचून आश्चर्य वाटते. वस्त्रे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावी. अन्यत्र धुतल्यास वस्त्राच्या नुकसानीची भरपाई व शिवाय सहा पण दंड. मुद्गराची खूण असलेल्या वस्त्रावाचून दुसरे वस्त्र रजकाने अंगावर घातल्यास तीन पण दंड. लोकांचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण दंड. वस्त्र बदलून दिल्यास त्याची दुप्पट किंमत भरून शिवाय मूळ वस्त्र परत करावयाचे. धुण्याच्या मजुरीचे दरही ठरलेले होते : उंची वस्त्रास एक पण, मध्यम वस्त्रास अर्धा पण, हलक्यास पाव पण.

याच ठिकाणी शुभ्रतेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. कळीसारखे पांढरे, शिळेसारखे स्वच्छ, धुतलेल्या सुताच्या रंगाचे, आणि अगदी घासून लख्ख पांढरे. पुढच्या प्रत्येक पायरीस एकेक रात्र अधिक द्यावी, असा नियम आहे. ज्या समाजाने शुभ्र या एका शब्दाखाली चार शुभ्रता ओळखल्या आणि त्या चारींस निरनिराळा वेळ लावून दिला, त्या समाजाची कला अडाण्याची होती असे कोण म्हणेल ?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही नेजकाने सावरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू वस्त्रे धुवावी, एकाची वस्त्रे दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळू नयेत, व ती कोणास वापरावयास देऊ नयेत, असे सांगितले आहे. या सर्व नियमांत एक संशय डोकावतो हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. लोकांची वस्त्रे ज्याच्या हाती, त्याच्यावर राजाची व शास्त्रकाराची नजर. परंतु याचीच दुसरी बाजू अशी की साऱ्या गावाने आपली लज्जारक्षक वस्त्रे, लग्नातले शालू, म्हाताऱ्यांची पागोटी, ज्याच्या घरी विश्वासाने रात्रभर राहू दिली, असा तो एकच माणूस होता.

त्या विश्वासाची खूण बिब्ब्याची असे. आमच्या मेळघाटच्या रानात बिब्बा पिकतो. त्याचा चीक सुईच्या टोकाने वस्त्राच्या काठाशी लाविला की काळी खूण उठते व ती धुण्याने जात नाही. प्रत्येक घराची खूण निराळी : कोणाची दोन ठिपके, कोणाची फुली, कोणाची आडवी रेघ. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशा आपल्या आजी-पणज्यांनी शेकडो घरांच्या खुणा तोंडपाठ ठेविल्या आणि वस्त्रांची सरमिसळ होऊ दिली नाही. पुढच्या काळी पोलीस तपासातही कपड्यावरील धोब्याच्या खुणेचा उपयोग होऊ लागला. बिब्ब्याचा चीक अंगास लागला तर कातडीवर फोड उठतात. लोकांच्या काठाची खूण आमच्या बोटांवरही उमटत असे.

वऱ्हाडचे पाणी आणि वऱ्हाडची घडी

वऱ्हाडात या धंद्यास एक विशेष अडचण होती. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरींचे पाणी खारट. दहिहांड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो अशाच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून. समुद्रापासून इतक्या दूर मीठ पिकविणारे ते पाणी देशकार्यास उपयोगी पडले खरे, पण धुण्यास ते वैरी होते. त्यात साबणास फेस येत नाही, वस्त्र ताठर होते आणि पांढऱ्यावर मळकट झाक राहते. म्हणून आपल्या लोकांस नदीचा डोह गाठावा लागे. पूर्णा, पेढी, मोर्णा, काटेपूर्णा, शहानूर यांच्या काठी आपली वस्ती वा आपला घाट असे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की वाळूत झिरे खणून, वाटीवाटीने पाणी भरून धुणे उरकावे लागे. गाढवावर गाठोडी लादून दोन-दोन कोस जाणे-येणे हे नित्याचेच. वर्गात ज्या शब्दाने हसे झाले त्या परीटघडीच्या मागे हे कोस आहेत.

भट्टीची रीत वृद्धांस ठाऊक आहेच. खारी माती, राख, रिठे यांच्या पाण्यात कपडे भिजवावयाचे, मोठ्या भांड्यावर रचून रात्रभर वाफ द्यावयाची, पहाटे डोहावर आपटावयाचे, नीळ व खळ देऊन वाळवावयाचे. 'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचे मूळ ताणणे या अर्थाच्या शब्दात आहे. इस्त्री येण्याच्या आधी वस्त्रास गुळगुळीतपणा आणीत तो 'कुंदी' करून, म्हणजे ओलसर वस्त्राची घडी घालून ती लाकडी मोगरीने एकसारखी ठोकून. 'कुंदी काढणे' म्हणजे मार देणे, हा वाक्प्रचार लोकांच्या तोंडी राहिला. मूळ कुंदी कशाची, हे ते विसरले.

या सर्वाचा मोबदला बलुत्याचा. बारा बलुतेदारांच्या याद्या ठिकठिकाणी निरनिराळ्या आढळतात, परंतु परीट नाही अशी यादी विरळा. बलुत्याच्या थोरल्या, मधल्या व धाकट्या अशा ज्या तीन ओळी सांगतात, त्यांत कुंभार, चांभार व न्हावी यांच्याबरोबर परिटाची जागा बहुधा मधल्या ओळीत असे. सुगीत खळ्यावर जाऊन ज्वारी मागून आणावयाची. पीक बुडाले तर बलुतेही बुडे. धुणे मात्र बुडत नसे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचला, आणि कापसाच्या व्यापाराने अमरावती व अकोला ही शहरे वाढली. कचेऱ्या, वकील, मास्तर, अडते यांची संख्या वाढली तशी पांढऱ्या इस्त्रीदार पोशाखाची मागणी वाढली. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. त्या मंडपातील पागोटी व उपरणी कोणा ना कोणा परिटाच्या हातून गेलीच असतील. गावातील बलुतेदार परीट व शहरातील रोखीने काम करणारा धोबी असे दोन मार्ग याच काळात फुटले, आणि परीटघडी ही शिक्षित, नोकरदार माणसाची ओळख होऊन बसली.

देवघर आणि लग्नमंडप

या ठिकाणी शब्दाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट येते. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांत परीटघडीचे वस्त्र नेसून कचेरीत जाता येई, सभेत बसता येई, व्याह्यांकडे मान मिळविता येई. मात्र तेच वस्त्र नेसून देवघरात जाता येत नसे. परिटाच्या हातचे म्हणून ते ओवळे. घरच्या माणसाने ते पुन्हा पाण्यातून काढून वाळत घातले म्हणजे सोवळे. ज्याने मळ काढला त्याचा हात मळका ठरला. बाळंतिणीची वस्त्रे व सुतकातील वस्त्रे आम्हीच धुतली, त्यामुळे ती घरे शुद्ध झाली आणि आम्ही अशुद्ध झालो. याविषयी कटू शब्द लिहावयाचा आमचा मानस नाही. जे घडले ते समाजाने जाणून असावे, इतकेच.

याच्या उलट लग्नमंडपात पाहावे. नवरदेव मारुतीहून मांडवाकडे निघाला की त्याच्या पावलांपुढे वस्त्रे अंथरण्याचा मान परिटाचा. मागचे वस्त्र उचलावयाचे, पुढे धावत जाऊन अंथरावयाचे, वराचे पाऊल मातीस लागू द्यावयाचे नाही. या वस्त्रांस 'पायघड्या' म्हणतात. 'पायघड्या घालणे' हा वाक्प्रचार आज मंत्र्यांच्या स्वागतासाठी वृत्तपत्रांत रोज वापरतात. परीटघडी आणि पायघडी ह्या दोन्ही घड्या आपल्याच घरच्या. एक लोकांच्या अंगावर चढली, दुसरी लोकांच्या पायाखाली गेली. मराठी भाषेस या दोन्ही शब्दांवाचून चालत नाही.

साहित्यातील वापर

आता साहित्याकडे वळू. आधुनिक मराठी गद्यात परीटघडी हा शब्द चार अर्थांनी आढळतो. खालील उदाहरणांची वाक्ये आमची आहेत. पहिला सरळ अर्थ : "त्याने पेटीतून परीटघडीचे धोतर काढले." दुसरा, वस्त्रावरून माणसावर आलेला : "तो सदा परीटघडीत वावरतो", म्हणजे टापटिपीने राहतो. तिसरा, ज्यास आयुष्याची झळ लागली नाही असा : "त्यांचे परीटघडीचे समाजकार्य दिवाणखान्यापुरते." चौथा, भाषेस व वाङ्मयास लावलेला : परीटघडीची भाषा, परीटघडीचे नायक, म्हणजे चुरगळण्याच्या भयाने कोठे न बसणारे, गुळगुळीत, बेतशुद्ध लेखन. टीकाकारांच्या हाती हा चौथा अर्थ विशेष रुळला आहे.

पहिल्या अर्थात स्तुती आहे, दुसऱ्यात कौतुक आणि किंचित थट्टा, तिसऱ्यात व चौथ्यात उघड निंदा. यावरून असे दिसते की ज्या वर्गाने परीटघडी अंगावर मिरविली, त्याच वर्गाच्या दोषांस पुढे हा शब्द नाव म्हणून चिकटला. निंदा झाली ती घडी वापरणाऱ्याची. परंतु शब्दाच्या आरंभी 'परीट' असल्यामुळे अजाण माणसास ती परिटाची वाटते, आणि मागच्या बाकावरचा मुलगा हसतो.

परीटघडीच्या भाषेचा प्रश्न आम्हां वऱ्हाडवासीयांस तर अधिकच जवळचा आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला तो आपल्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरास. महानुभावांचे आचार्य नागदेव यांनी संस्कृताऐवजी मराठीचाच आग्रह धरला, तो साध्या बायाबापड्या ज्ञानास पारख्या होऊ नयेत म्हणून. त्या ग्रंथाची भाषा बोलती, वापरलेली, अंगास बसलेली आहे. पुढे सातशे वर्षांनी त्याच मुलखातल्या बोलीस 'गावंढळ' म्हणून नाके मुरडली गेली. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली आणि शिंपी कुटुंबातील कौतिकची कहाणी वऱ्हाडी बोलीच्या बळावर मराठी वाचकांच्या काळजास भिडली. कापड शिवणाऱ्याच्या घरची भाषा श्रेष्ठ वाङ्मयात बसते, तर धुणाऱ्याच्या घरची का बसू नये ? आपल्यातील लेखणी धरणाऱ्या तरुणांनी याचा विचार करावा.

साहित्याचा विषय निघाला म्हणून आणखी एका आक्षेपाचा समाचार घेणे अवश्य आहे. परिटाच्या बोलण्यावरून रामचंद्रांनी सीतामाईस वनात धाडिले, असे गावोगावच्या कथांतून आपणांस ऐकविले जाते. आपल्या कित्येक मुलांनी हा टोमणा शाळेत सोसला आहे. वाल्मीकि-रामायणाच्या उत्तरकांडात रजक नाही. तेथे भद्र नावाचा सेवक नगरातील व जनपदातील लोक काय बोलतात ते रामास सांगतो. रजक येतो तो पद्मपुराण व जैमिनीय अश्वमेध यांसारख्या नंतरच्या ग्रंथांत. साऱ्या नगराची कुजबुज नंतरच्या कथाकारांनी एका धंद्याच्या माथी मारिली. घरोघरची वस्त्रे ज्याच्या हाती, त्यास घरोघरची गुपितेही ठाऊक असणार, या समजुतीतून असे झाले असावे, हे आमचे अनुमान आहे.

ज्याने परीटघडी घातली नाही

परीटघडीचा हा इतिहास एका पुरुषाच्या स्मरणावाचून पुरा होणार नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गुरे राखीत व शेती करीत ते वाढले. अमरावतीने जन्म दिला, अकोल्याने वाढविले. मुलीच्या बारशाच्या जेवणात मद्यमांसाची ज्ञातिरूढी मोडून त्यांनी गोड पंगत घातली, ही आपल्या समाजातील सुधारणेची आरंभीची पंगत होय. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडिले. हातातील मडक्यावरून लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनास पौषात यात्रा भरते. तेथील चिखलात यात्रेकरूंचे हाल होतात हे पाहून बाबांनी लोकांच्या श्रमाने व देणगीने घाट बांधविला. ज्या नदीकाठी आपले पूर्वज पाण्यात उभे राहून दुसऱ्यांची वस्त्रे धूत, त्याच नदीकाठी एका परिटाने साऱ्या जातींसाठी पायऱ्या बांधल्या. पंढरपुरास त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली, मराठा धर्मशाळा उभारली, परीट धर्मशाळाही उभारली. चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अमरावतीनजीक वलगावाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेविला. २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

या महापुरुषाने आयुष्यात परीटघडी वापरली नाही. अंगावर ठिगळांचा चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. दिवसा गाव झाडावयाचे, रात्री त्याच गावात ठेठ वऱ्हाडीतून कीर्तन करावयाचे. तुकोबांनी एका अभंगात साबणाचा दाखला घेऊन बाहेरच्या धुण्याची मर्यादा दाखविली आहे. बाबांनी तोच धागा उचलून मनाचा, गावाचा आणि रूढींचा मळ धुवावयास घेतला. परिटाचा धंदा त्यांनी सोडिला असे लोक म्हणतात. आमच्या मते त्यांनी तो वाढविला. लोकांची घडी बसविणारा आणि स्वतः घडीत न बसणारा असा तो परीट होता.

उपसंहार

आज नदीवरचे धुणे जवळजवळ सरले आहे. घरोघरी धुलाईयंत्रे आली. आपल्यापैकी काहींच्या लॉन्ड्र्या आहेत, काही चौकात इस्त्रीची गाडी लावतात, बरेच जण नोकरीत आहेत. अकोल्याची मोर्णा जलकुंभीने भरली, ती काढण्यासाठी २०१८ साली नगरवासीयांस मोहीम करावी लागली. बिब्ब्याची खूण जाऊन कागदी चिठ्ठी आली. त्याबरोबर काही ज्ञातिबंधू 'परीट' हे नावही टाकावे, 'रजक' म्हणावे, म्हणजे मान वाढेल, असे सुचवितात. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु नावाने स्थिती पालटत नाही. याच धंद्याचे लोक उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींत आहेत, मध्य प्रदेशात भोपाळ, रायसेन व सिहोर या तीनच जिल्ह्यांत त्या यादीत आहेत, आणि महाराष्ट्रात इतर मागासवर्गांत आहेत. हा भेद नावाने झालेला नाही, आणि तो मिटविणे हे शिक्षणाचे, संघटनेचे व सनदशीर प्रयत्नांचे काम आहे. शब्द लपविल्याने ते होणार नाही. उलट ज्या शब्दांत आपला इतिहास साठला आहे ते मात्र हातचे जातील. 'वरठी' असाच गेला.

त्या विद्यार्थ्यास आता आमचे उत्तर असे. बाळ, पुन्हा तो शब्द वर्गात आला तर उभा राहा आणि कौटिल्याच्या चार शुभ्रता सांग. कुंदी म्हणजे काय, ते सांग. बिब्ब्याची खूण सांग. ज्यांच्या लेखनास परीटघडीचे म्हणून हिणवितात त्यांना ती घडी पेलली नाही, यात घडी घालणाऱ्याचा दोष नाही, हेही सांग. मग हसावयाचे की नाही ते वर्ग ठरवील.

आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती : आपल्या घाटाचे नाव, आपल्या घरच्या बिब्ब्याच्या खुणा, भट्टीचे, खळीचे, धुण्याचे जे वऱ्हाडी शब्द आपणांस आठवतात, ते घरच्या एखाद्या शिकत्या मुलाकडून कागदावर उतरवून मंडळाकडे पाठवावे. पुढच्या स्मरणिकेत ते नाव-गावासह छापण्याचा आमचा विचार आहे. आमच्या आजीस पंच्याहत्तर घरांच्या खुणा पाठ होत्या. आम्हांस त्यांतील तीनच आठवतात : दोन ठिपके, फुली, आणि फुलीखाली रेघ.